घरी ट्रेनर बोलवायचा की जिममध्ये पीटी (पर्सनल ट्रेनिंग, म्हणजे आपल्यासाठी वेगळा ट्रेनर) लावायचं, दोन्ही केलंय, माझा अनुभव

आधीच सांगते, मी पुण्यात कोथरूडला राहते, वय ४७, आणि गेल्या दीड वर्षात मी दोन्ही करून बघितलंय. आधी ८ महिने ट्रेनर घरी यायचा, आता ९ महिने झाले जिमला जातीये, दोन्हीकडे खिशातले पैसे भरलेत. मैत्रिणी सारख्या विचारतात की कशात पैसे घालू, म्हणून एकदाच नीट लिहिते.

माझं सगळं सुरू झालं गुडघ्यापासून. आमची बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जिना उतरताना डावा गुडघा असा दुखायचा की कठडा धरल्याशिवाय पाय खाली ठेवता यायचा नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्सरे बघितला, म्हणाले झीज फारशी नाहीये, मांडीचे स्नायू कमजोर झालेत, ते बळकट करा. मला हे पटेचना कारण मी १० वर्षं नेमाने टेकडीला जात होते. पण चालणं वेगळं आणि ताकद वेगळी, हे तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं. डब्ल्यूएचओचं सुद्धा म्हणणं तेच आहे की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि शिवाय किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. हे ‘शिवाय’ आपण सगळ्या बायका सोडून देतो.

तर जिममध्ये अनोळखी लोकांसमोर सुरुवात करायची तयारी नव्हती म्हणून घरी ट्रेनर लावला. आठवड्यातून ३ दिवस, महिन्याचे १२ सेशन, ९,००० रुपये. पहिल्या दिवशी त्याने व्यायाम घेतलाच नाही. डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, हात छातीवर घ्यायला सांगितले आणि ३० सेकंदात किती वेळा उठता येतं ते मोजलं. ११ वेळा. ते वहीत तारखेसकट लिहिलं. मग म्हणाला, ताई चला, जिना दाखवा तुमचा. खाली उभा राहून मला एकेक पायरी उतरायला लावली आणि तिथेच त्याला दिसलं की वजन आलं की माझा गुडघा आत पडतो, अंगठ्याच्या बाजूला. “गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा ताई, घाई नको, ३ आकडे मोजत खाली या.” पुढचे दोन महिने आम्ही त्याच जिन्याच्या खालच्या पायरीवर हे एवढंच घोटलं, बाकीचे व्यायाम होतेच पण मुख्य हे. जिममध्ये माझा जिना कोणी बघितला नसता, आणि माझ्या मते घरच्या ट्रेनिंगचा खरा फायदा हाच, तुम्ही रोज जिथे वावरता, वाकता, बसता, तिथेच चूक दिसते आणि तिथेच सुधारते. जायचा यायचा वेळ वाचतो हे सगळेच सांगतात, ते आहेच.

पण घर ते घर. सकाळी ७ला सेशन, साडेसातला कुकर लावायचा, मधेच दूधवाला, मुलाला सॉक्स सापडत नाहीत, ६० मिनिटांतली खरी ४० मिळायची. त्याच्या बॅगेत रेझिस्टन्स बँड (ताणायचे रबरी पट्टे), ८ किलोची एक केटलबेल (वर मूठ असलेलं गोल वजन) आणि माझ्याकडे १० किलोपर्यंतचे डंबेल्स. सहाव्या महिन्यापर्यंत याने मस्त फरक पडला, पण त्यानंतर शरीर सरावलं. ताकद वाढवायची तर वजन हळूहळू वाढत जायला लागतं आणि घरी ते वाढवायचं कुठून? अजून डंबेल्स घ्यायचे म्हटलं तर पैसे गेले आणि वन बीएचकेत ठेवणार कुठे. आणि हे मला ट्रेनरनेच स्वतःहून सांगितलं की ताई आता तुम्ही जिमला जा, इथे माझ्याकडे तुम्हाला द्यायला वजन नाहीये. स्वतःचं गिऱ्हाईक जातंय हे माहीत असून सांगितलं, मला त्या मुलाचं फार कौतुक आहे. तोवर खुर्चीची टेस्ट ११ वरून १९ वर गेली होती.

जिमचा पहिला अनुभव मात्र वाईट. नाव घेत नाही. ३६ सेशनचं पॅकेज एकदम भरायला लावलं, स्वस्त पडतं म्हणून मीही भरलं. तिसऱ्या आठवड्यात ट्रेनर नोकरी सोडून गेला, दुसरा दिला तो एकाच वेळी तिघांना सांभाळायचा आणि माझा सेट चालू असताना मोबाईल बघायचा. एकदा डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून उभं राहायच्या व्यायामाला, माझी पाठ गोल झाली ते त्याने बघितलंही नाही, कमर ४ दिवस धरून बसले होते. पैसे परत मागितले तर नॉन रिफंडेबल. १४ सेशन बुडाले. तेव्हा कृपा करून एका वेळी एकाच महिन्याचं भरा, कितीही डिस्काउंट दाखवू देत. आणि ट्रेनर सोडून गेला तर काय, हे पावतीवर लिहून घ्या. बिल पण नीट बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय.

आताची जिम घरापासून १० मिनिटांवर, मेंबरशिप वर्षाची १६,००० आणि पीटी महिन्याला ७,०००. म्हणजे मेंबरशिप धरली तर घरच्यापेक्षा फार स्वस्त नाहीये हे लक्षात घ्या. पण इथे लेग प्रेस म्हणजे पायांनी वजन ढकलायचं मशीन आहे, केबलने वजन ओढायचं मशीन आहे, वजन अडीच अडीच किलोने वाढवता येतं आणि तो एक तास फक्त माझा, कोणी हाक मारत नाही. गेल्या महिन्यात ४५ किलोची डेडलिफ्ट केली, पाठ सरळ ठेवून, ५ वेळा. भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, १४.२ किलो गॅस आणि बाकी टाकीचं वजन. तो मी आता स्वयंपाकघरात स्वतः सरकवते, उचलून ठेवते, पूर्वी नवऱ्याची वाट बघायचे.

मला विचाराल तर नवीन असाल, काही दुखत असेल, बाळ लहान असेल किंवा साठीच्या पुढे असाल तर आधी घरीच घ्या, ३ ते ६ महिने, बसणं उठणं वाकणं नीट शिकून घ्या, मग जिम. घरी अनोळखी माणूस येणार तर ओळखपत्र बघा, सर्टिफिकेट बघा, सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) येतं का विचारा, पहिले काही दिवस घरात कोणीतरी असू द्या. आणि ट्रेनर चांगला का नाही हे एका गोष्टीवरून कळतं, तो तुमचे आकडे लिहून ठेवतो का. आत्ताचाही लिहितो.

घरचा ट्रेनर अजूनही मंगळवार शुक्रवार येतो आमच्याकडे, सासूबाईंसाठी. त्या ७३ वर्षांच्या, माझं बघून स्वतःच म्हणाल्या मलाही शिकव. परवा देवघरासमोरच्या पाटावरून भिंत न धरता उठल्या आणि मला हाक मारून परत एकदा उठून दाखवलं.