कॉन्टेसाच्या पत्र्याला गॅस की सीओटू?

जुनी कॉन्टेसा दारात आणून उभी केली, की बघायला येणारा प्रत्येक जण आधी इंजिनाची चौकशी करतो. इंदुरात राहणाऱ्याला ती काळजी तुलनेने कमी असावी, कारण कॉन्टेसा क्लासिकचे १.८ लिटरचे इसुझू इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या पीथमपूरच्या कारखान्यातच तयार होत असे, आणि ते उघडून बसवलेले मिस्त्री विचारपूस केल्यावर या भागात अजून भेटतात. खरी अडचण पत्र्याची आहे. १९८४ साली बाजारात आलेली ही गाडी २००२ साली बंद झाली, म्हणजे अगदी शेवटी निघालेल्या गाडीनेसुद्धा आज वीसहून अधिक पावसाळे काढलेले आहेत. 'देशी मसल कार' हे लाडके नाव तिला ज्या लांब बॉनेटमुळे मिळाले, ते बॉनेट सहसा शाबूत असते. गंज खातो तो पायाखालचा तळपत्रा, दाराखालची पेटी आणि मागच्या चाकापाशी चिखल साचतो तेथला पत्रा. तो कापून नवा जोडण्याखेरीज दुसरा प्रामाणिक उपाय नाही.

हा नवा पत्रा कशाने जोडायचा, एवढ्यापुरताच हा आढावा आहे. डेंटिंगच्या दुकानात ज्याला नुसते 'गॅस' म्हणतात ते ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनचे वेल्डिंग आणि ज्याला 'सीओटू' म्हणतात ते कार्बन डायऑक्साइड वायूच्या आडोशाने होणारे तारेचे मिग वेल्डिंग, अशा दोन्ही पद्धतींनी मी एकाच गाडीवर काम केले आहे. उजवी बाजू एकाने आणि डावी दुसऱ्याने, असे ते आधी न ठरवता घडले. गेट-खिडक्यांच्या दुकानातले रॉडचे वेल्डिंग एक मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याला बहुधा भोकेच पाडते, म्हणून ते बाजूला ठेवतो. टिग, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने करायचे वेल्डिंग, या दोहोंपेक्षा सरस असेल, हे मान्य करायला माझी हरकत नाही. परंतु दोन्ही हात आणि एक पाय एकाच वेळी गुंतवणारे यंत्र गाडीखाली उताणे पडून चालवण्याचे धाडस मला झाले नाही.

सीओटूच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सिंगल फेजवर चालणारे इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्र आणि ०.८ मिलिमीटरची तार घेतली, की घरच्या वीजजोडणीवर काम सुरू होते, आणि हात बसायला एक संध्याकाळ पुरते. एक हात मोकळा राहत असल्याने पत्रा दाबून धरता येतो. उष्णता टाक्यापुरतीच राहते. इंच-दीड इंचावर एक टाका, मग पार दुसऱ्या टोकाला एक, आणि मधल्या वेळात पत्रा हाताला सोसेल इतका थंड होऊ द्यायचा, हे पथ्य पाळले तर जवळचे रबर आणि वायरीही बहुतेक वाचतात. तक्रारी आहेत, पण किरकोळ. सलग काम केले की सीओटूचा रेग्युलेटर गारठून बर्फ धरतो, म्हणून हीटर असलेलाच घ्यावा. पंखा लावला की सीओटू वायू उडून जाऊन टाक्याला जाळी पडते, त्यामुळे मे महिन्यात घामाघूम होऊनच काम करावे लागते. आणि पावसाळ्यात तारेच्या रिळावर तांबूस गंज आला, की ती तार अडखळत पुढे सरकते. या तिन्ही गोष्टी सोसण्यासारख्या आहेत.

सोसवला नाही तो ग्राइंडर. रामबागेतल्या आमच्या घरी तळपत्रा सीओटूने जोडला, तोवर सगळे सुरळीत होते, कारण तळाचे टाके कोणी पाहत नाही. त्यानंतर उजव्या बाजूच्या मागच्या फेंडरला हातरुमालाएवढा तुकडा बसवला आणि तेव्हा लक्षात आले की सीओटूचा टाका पत्र्याच्या वर उभा राहतो आणि झटकन थंड होत असल्यामुळे पत्र्यापेक्षा कडकही होतो. तो सपाट करायला ग्राइंडर लावला की चाक कडक टाक्यावरून घसरते आणि शेजारचा मऊ पत्रा खात सुटते. टाका अर्धा उरला असताना त्याच्या दोन्ही कडांचा पत्रा कागदासारखा पातळ झाला होता. तेथे भोक पडले, ते भरायला पुन्हा टाका, आणि तो उतरवायला पुन्हा ग्राइंडर. असे तीन वेळा झाले. शेवटी फेंडर दिसायला ठीक दिसू लागला, पण मध्यभागी अंगठ्याने दाबले की डब्याच्या झाकणासारखा टक्क करून आत जाई आणि हात काढला की टक्क करून बाहेर येई. त्यावर पुट्टीचे थर चढवून मी तो विषय तूर्त मिटवला.

ग्राइंडरचा उपद्रव फेंडरपुरता थांबला नाही. आईने गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर काळी पूड बसली, आणि शेजारच्या काकू एक दिवस फाटकापाशी येऊन शांतपणे म्हणाल्या, "अरे, तुझी गाडी व्हायची तेव्हा होवो, पण दुपारी दोन ते चार तेवढं ते यंत्र बंद ठेवत जा." त्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. सुट्टीच्या दिवशीचे माझे कामाचे तास नेमके तेच होते. सर्वांत महागात पडली ती मागची काच. तिच्यावर मी जुनी चादर टाकली होती; ती एका कोपऱ्यात सरकली असावी. काही दिवसांनी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवले, तर खसखस चिकटल्यासारखे खरखरीत लागले. ठिणग्यांचे लोखंड तापलेल्या अवस्थेत काचेत रुतून बसले होते आणि पहिल्या दमट हवेत प्रत्येक कणाभोवती गंजाचे तांबडे वलय उमटले होते. ते धुऊन निघत नाही. या गाडीची काच आता कोणत्याही दुकानात सहज मिळण्यासारखी नसल्याने तो कोपरा मला अजून रोज दिसतो.

याच सुमारास ओळखीच्या एका वयस्क डेंटरने माझा फेंडर बोटाने वाजवून पाहिला आणि इंदुरी थाटात सांगितले, "भिया, टांका वो जो हथौड़ी का कहना माने." डावी बाजू मी गॅसने केली ती त्या एका वाक्यामुळे.

गॅसचा टाका सावकाश थंड होतो, म्हणून मऊ राहतो, आणि मऊ राहतो म्हणून हातोडीला वळतो. दोन्ही बाजूंतला खरा फरक मला वाटते एवढाच आहे. कोणताही टाका थंड होताना आक्रसतो आणि आजूबाजूचा पत्रा आत ओढतो. टक्क वाजणे हे त्या ओढीचेच लक्षण असते. सीओटूच्या कडक टाक्यात ती ओढ बरीचशी तशीच राहते, तर गॅसच्या टाक्याखाली डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरून वरून हातोडीने हलके ठोके दिले, की टाका पुन्हा पसरतो आणि पत्रा मोकळा होतो. मी सर्वांत बारीक नोझल लावून, दोन्ही कडा केसही जाणार नाही अशा भिडवून, त्याच सीआरसी, म्हणजे थंड लाटलेल्या, पत्र्याची दोरीसारखी बारीक पट्टी कापून तीच भरण म्हणून वापरत असे. इंचभर जोडायचे, टॉर्च बाजूला ठेवायचा, ठोकायचे, मग पुढचा इंच. शेवटी जो उंचवटा उरला तो कानशीने निघाला. कानशीचा आवाज फाटकापर्यंतही जात नाही. त्या फेंडरला पुट्टी लागली ती नखाएवढ्या जाडीची, आणि दाबल्यावर तो काहीही बोलत नाही.

गॅसची दुसरी बाजू लपवणे योग्य होणार नाही. ज्योतीचे तापमान ३,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ती उष्णता पसरते. टाक्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन बोटे पत्रा निळा पडतो आणि त्यामागे जे असेल ते जळते. त्यामुळे सीट, अस्तर, वायरी आणि पेट्रोलची टाकी काढून ठेवण्याचे काम दोन्ही पद्धतींत असले, तरी गॅसमध्ये त्यात कसूर चालत नाही. हात बसायलाही वेळ लागतो. मला दोन महिने लागले, आणि सरावासाठी मी अडगळीतल्या जुन्या कूलरचा पत्रा वापरण्याचा मूर्खपणा केला. कूलरच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, आणि त्याचा पांढरा धूर पोटात गेल्यावर रात्री हुडहुडी भरून ताप आला. तोंडाची चव दुसऱ्या दिवसापर्यंत विचित्र होती. सराव करायचा तर लोहामंडीतून साध्या पत्र्याची कतरण आणावी.

सिलिंडर घरात ठेवणे ही आणखी एक बाब. अ‍ॅसिटिलीन सिलिंडरमध्ये अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून भरलेले असते, त्यामुळे ते आडवे ठेवता येत नाही. लोडिंग रिक्षातून आणतानाही उभे बांधूनच आणावे लागते. काळा आणि मरून रंगाचा, असे दोन सिलिंडर पोर्चमध्ये साखळीने बांधलेले पाहून येणारे-जाणारे दचकतात, आणि ते दचकणे अगदीच अस्थानी नाही. दोन्ही नळ्यांना ज्योत उलटी न शिरू देणारे व्हॉल्व्ह आणि दर वेळी साबणाच्या फेसाने सांध्यांची तपासणी, हे ज्याला कंटाळवाणे वाटते त्याने या वाटेला जाऊच नये. काही जण स्वयंपाकाच्या गॅसवर भागवण्याचा सल्ला देतात. त्याने कापणे आणि पितळेची झाळ जमते, पण पोलाद नीट वितळवून जोडण्यास ती ज्योत योग्य नाही, आणि घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणे कायद्यातही बसत नाही.

म्हणून निवड कोणता पत्रा जोडायचा आहे त्यावर ठरावी, असे मला वाटते. दाराखालच्या बंद पेटीत डॉली शिरतच नाही, आणि जेथे मागून ठोकता येत नाही तेथे गॅसचा मोठा गुण वायाच जातो. गाडीखाली उताणे पडून डोक्यावर टाके घालायचे असतील, तर वितळलेले लोखंड अंगावर टपकवणाऱ्या ज्योतीपेक्षा तारेचे यंत्र नक्कीच बरे. तळ आणि पेट्या एवढेच काम असेल आणि घर गावाबाहेर असेल, तर सीओटू घेणाऱ्याला मी अडवणार नाही. परंतु फेंडर, दाराचा बाहेरचा पत्रा, डिकीचे झाकण, म्हणजे ज्यावर ऊन पडते आणि लोकांची नजर पडते, ते जर स्वतःच्या हातांनी करायचे असेल आणि शेजार भिंतीला भिंत लागून असेल, तर दोन महिने खर्ची घालून गॅस शिकून घेणे मला तरी स्वस्त पडले. येत्या हिवाळ्यात उजवा फेंडर पुन्हा कापणार आहे, आणि तो कशाने जोडणार हे सांगण्याची गरज नसावी.

माझे सीओटूचे यंत्र मी विकलेले नाही. पेट्यांचे काम अजून राहिले आहे. जे असे यंत्र विकत घेतील त्यांनी सियागंज बाजारातून ग्राइंडरची चाके मोजून आणू नयेत, डझनाने आणावीत, आणि काचेवर चादर टाकण्याऐवजी काच उतरवूनच ठेवावी.