अठ्ठ्याहत्तर हजारांची सबसिडी आणि चुरा झालेली पट्टी

१६ जानेवारीला, वासी उत्तरायणच्या (इथे संक्रांतीनंतरचा, पतंगांचा दुसरा दिवस) दुसऱ्या दिवशी, गच्चीवरच्या सोलरच्या इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या डब्याचा, आकडा वहीत टिपायला गेलो तर डिस्प्ले काळा. आधीचे दोन दिवस पाहुणे, उंधियू आणि गच्चीवरचा आरडाओरडा यात वही उघडलीच नव्हती. सोलर बसवून देणाऱ्या वेंडरला फोन लावला. तिकडून उत्तर, "काका, राते जोयुं हशे. सूरज आथमे एटले बंद ज होय." अरे बाबा, साडेपाच वाजलेत, समोरच्या गच्चीवर पोरं अजून पतंग उडवतायत! पण नाही. रात्रच झाली होती म्हणे.

बडोद्यात मांजलपूरला आमच्या गच्चीवर केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून एप्रिल २०२५ मध्ये ३.३ किलोवॉट बसवलं. ५५० वॉटचे सहा पॅनेल. खर्च १,८५,०००, सबसिडी ७८,०००. पहिल्या दोन किलोवॉटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, आणि त्यापुढे कितीही बसवा, एक पैसा जास्त नाही. म्हणून वेंडर "पाच करो ने काका" म्हणून मागे लागला तरी मी तीनवरच थांबलो. घरी वापरून उरलेली वीज माझ्या करारात वीज कंपनीला युनिटला सव्वादोन रुपयांनी जाते. सव्वादोन रुपयांत विकायला दोन किलोवॉट जास्तीचे कोण घेईल?

सबसिडीला वेळ लागला, पण तो दोष आमचाच. लाइट बिल वडिलांच्या नावावर होतं, वडील जाऊन नऊ वर्षं झाली, आणि त्यावर आमचं आडनाव घोरपडेऐवजी 'घोडपडे' छापलेलं. इतकी वर्षं घोडपडे म्हणून बिल भरलं, कुणाचं काही अडलं नाही. अर्जाला मात्र बिल, आधार आणि बँक एका सुरात लागतं. आधी नाव बदलून घ्या, मग अर्ज करा. नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं) लागल्यावर तीन आठवड्यांत पैसे खात्यात जमा झाले, एकाही टेबलावर चहापाणी न देता. हे मला अपेक्षित नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितो. दुःख एकच, सप्टेंबरमध्ये पॅनेल-इन्व्हर्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पाच महिने कळ काढली असती तर सात-आठ हजार वाचले असते. सौ.समोर हा विषय काढत नाही.

तर डिस्प्ले काळा. तीन दिवस फोन, चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आणि शांतता. मग "पतंगनुं नुकसान वॉरंटीमां ना आवे, विझिट चार्ज ७५० थशे." संक्रांतीच्या आठवड्यात गोड बोलायचं असतं हे मला ठाऊक आहे. योजनेत पाच वर्षांची देखभाल वेंडरकडेच असते, करारावर त्याची सही आहे, तो कागद मी फोटो काढून पाठवला. ७५० गायब झाले. माणूस मात्र आला नाही.

मग मीच वर गेलो. पॅनेलच्या सांगाड्याचे पुढचे पाय जेमतेम दीड फुटाचे, त्यामुळे आडवं पडून टॉर्च मारावा लागला. आणि तिथे ती दिसली. वायरी फ्रेमला बांधून ठेवायची ती पांढरी प्लास्टिकची पट्टी, केबल टाय म्हणतात ती. बोट लावलं तर बिस्किटासारखी तुटली. शेजारची लावली, तीही तुटली. खाली गच्चीवर पांढरा चुरा पडलेला. घरात टीव्हीमागे वापरायची पट्टी यांनी बडोद्याच्या मे महिन्यात उघड्यावर लावली! उन्हासाठी काळी पट्टी वेगळी मिळते, फरक नगामागे रुपया-दीड रुपयाचा. पट्ट्या तुटल्या, वायरी झोळीसारख्या लोंबल्या, आणि उत्तरायणला अडकलेली पतंग काढायला शेजारचा पोरगा खाली सरपटत गेला तेव्हा त्याचा पाय त्या झोळीत अडकला. एक कनेक्टर निसटून लटकत होता. सहा पॅनेल एका माळेत, एक जोड सुटला की सगळी माळ बंद.

सव्वा लाखाच्या वर माल, ७८ हजार सरकारचे, आणि कंजूषी कुठे तर रुपयाच्या पट्टीत. कंजूषीला माझी ना नाही, मी स्वतः करतो. पण ती कुठे करावी याची अक्कल लागते. बारा दिवस, रोजची साधारण बारा युनिटं, म्हणजे दीडशेच्या आसपास बुडाली. हजार रुपये धरा. या वेंडरला दोन तारे, तेही पॅनेलमागे सौर सेल भारतीय असल्याचा स्टिकर खरा निघाला म्हणून.

वरचं सगळं रविवारी लिहिलं होतं. आज बुधवार, आणि थोडं मागे घ्यावं लागतंय.

काल माणूस आला. विशी-बाविशीचा, गोध्ऱ्याकडचा, एकटा. त्याने आधी इन्व्हर्टरचा डीसी स्विच (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा) बंद केला आणि मला ओरडला, काका, तुम्ही खाली हात घातला होता का? ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाहीत, माळेत अडीचशे व्होल्टच्या वर डीसी असतो. मी गप्प. मग त्याने निसटलेलं टोक दाखवलं, कडेला काळपट झालेलं. हा जोड मुळात पूर्ण बसलाच नव्हता म्हणाला, 'टक' आवाज आला नसणार. म्हणजे पोराचा पाय नसता लागला तर एखाद्या दुपारी तिथे ठिणगी पडली असती. दोन्ही कनेक्टर नवे लावले, प्रत्येक जोड ओढून पाहिला, मला तो 'टक' ऐकवला. पैसे घेतले नाहीत, तीळगूळ मात्र घेतला. दोन तारे होते ते साडेतीन करतो. दीड त्या मुलाचे आहेत, मालकाने स्वतःचे समजू नयेत.

शेजारच्या पोराला मी जे बोललो तेही मागे घेतलं. त्याची पतंग अजून आमच्याकडेच आहे.

बाकी हिशेब: उन्हाळ्यात सहा हजारांवर जाणारं दोन महिन्यांचं बिल आता नावापुरतं येतं. वर्षाला बावीस हजार वाचतील, म्हणजे पाचेक वर्षांत वसूल. लाइट गेली की भर उन्हात हेही बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून, त्यावर माझी तक्रार नाही. पाय दीड फुटाचे ठेवू देऊ नका. सौ.ची वाळवणं गेल्या वर्षी एका कोपऱ्यात गेली, आणि पारव्यांनी खाली संसार मांडला तो वेगळाच. उंच स्ट्रक्चरचे नऊ हजार जास्त मागत होता, मी नाही म्हटलं. इथे मात्र माझीच अक्कल कमी पडली.

काळ्या पट्ट्या त्या दुरुस्तीवाल्या मुलाकडे नव्हत्या. पांढऱ्याच होत्या! खंडेराव मार्केटच्या बाजूला जाऊन मी काळ्या, उन्हात टिकणाऱ्या, शंभराचं पाकीट आणलं आणि त्याच्याकडूनच बांधून घेतल्या. बेचाळीस लागल्या. अठ्ठावन्न उरल्यात. मांजलपुरात कुणाच्या पट्ट्या पांढऱ्या असतील तर घेऊन जा, शिडी तुमची आणा.