टायमिंग बेल्टचा दात सुटलाय का? स्कॅनर, कॉम्प्रेशन गेज की कव्हर उघडून मार्किंग

"दादा, सेल्फ घ्यायलीय, पण उठंना." लातूर, गेवराई नाहीतर जिंतूरच्या एखाद्या गॅरेजसमोर हे वाक्य कानावर पडलं आणि मेकॅनिकने टायमिंग बेल्टकडे (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा दातांचा रबरी पट्टा) बोट दाखवलं, की लगेच तीन सल्ले येतात. एक जण स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावायला सांगतो, दुसरा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघू म्हणतो, तिसरा सरळ कव्हर खोला म्हणतो. तिघांचंही चूक नाही. पण प्रत्येक तपासणीतून कळतं ते वेगळं, आणि चुकीच्या क्रमाने केली तर थोडक्यात सुटणारं काम हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) खोलण्यापर्यंत जाऊ शकतं. माझं मत आधीच सांगतो: बेल्ट सरकलाय की नाही, याचा निकाल फक्त मार्किंग, म्हणजे चक्रीवरच्या खुणा जुळतात का हे बघणं, देते. बाकीच्या तपासण्या कव्हर खोलायचं की नाही हे ठरवण्यापुरत्या.

त्याआधी गाडीत बेल्टच आहे ना, ते बघा. जुनी इनोव्हा अडीच लिटर डिझेल, इंडिका १.४ डिझेल, डस्टर १.५ डिझेल, जुनी सँट्रो, अल्टो ८००, मारुती ८०० या बेल्टच्या गाड्या. स्विफ्ट-डिझायरचं १.३ डिझेल आणि मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं चेनची. चेनचं कव्हर सीलंट लावून घट्ट बसवलेलं असतं, आत ऑइल असतं, त्यामुळे नुसतं बघायला म्हणून ते कोणी उघडत नाही. चेनच्या गाडीत म्हणूनच स्कॅनर आणि ऑसिलोस्कोपला (सेन्सरचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) जास्त महत्त्व. पुढचं सगळं बेल्टच्या गाडीबद्दल आहे.

एक दात म्हणजे नेमकं किती? क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक फेरा फिरतो, म्हणून कॅमच्या चक्रीला क्रँकच्या चक्रीच्या दुप्पट दात असतात. क्रँकच्या चक्रीला २० दात धरले, तर एक दात सुटला (बेल्ट एका दाताने सरकला) म्हणजे क्रँकच्या हिशेबाने टायमिंग १८ अंशांनी हललं. हे थोडं नव्हे. बेल्ट सरकला की बहुतेक वेळा कॅम मागे पडतो, इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि सिलिंडरने ओढलेली हवा दाबली जाण्याआधीच थोडी परत जाते. गाडी चालते, पण पिकअप गेलेला असतो. कन्नडचा औट्रम घाट तिसऱ्या गिअरला चढणारी गाडी दुसऱ्यातही ओढत नाही. दोन-तीन दात सुटले तर गाडी उठतच नाही, आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकतात. डिझेलमध्ये हा धोका जवळजवळ ठरलेलाच, कारण पिस्टन वर आल्यावर हेड आणि पिस्टनमध्ये जागाच उरत नाही.

म्हणून कुठलीही तपासणी निवडण्याआधी सेल्फ मारणं थांबवा. चार माणसं गोळा करून, गिअरमध्ये टाकून धक्का तर अजिबात मारू नका. आपल्याकडे गाडी बंद पडली की पहिला उपाय तोच असतो, आणि बेल्टच्या बिघाडात तोच सगळ्यात जास्त नुकसान करतो. न्यूट्रलमध्ये टोचन करून न्या.

स्कॅनर सगळ्यात सोपा. दहा मिनिटांचं काम, काही खोलावं लागत नाही, इंजिनाला धोका नाही. कोड पी ००१६ आला तर क्रँक आणि कॅमच्या सेन्सरचा ताळमेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. पण तेवढ्यावरून बेल्ट सरकलाच असं ठरत नाही. सेन्सर खराब असेल, वायरिंग उंदराने कुरतडलं असेल (गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचंच), व्हीव्हीटीच्या (चालू असताना व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या) इंजिनात ऑइलचं प्रेशर कमी असेल, तरी तोच कोड येऊ शकतो. उलटही होतं: एक दात सुटलेला असतो आणि कोडच येत नाही, कारण काही गाड्यांचा कॉम्प्युटर तेवढा फरक चालवून घेतो. त्यामुळे कोड आला तर संशय बळकट झाला असं धरा, पण कोड आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पी ०३३५ किंवा पी ०३४० हे मुख्यतः सेन्सरच्या सर्किटचे कोड. ते दिसले तर आधी वायर आणि कनेक्टर तपासायला सांगा, लगेच नवा सेन्सर घेऊ नका.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. मोठ्या शहरांबाहेर बीएस-३ (धुराच्या जुन्या मापदंडाच्या) गाड्या ३१ मार्च २०१७ पर्यंत विकल्या जात होत्या, आणि त्या आजही गावोगावी पळतायत. त्यातल्या अनेकांत स्कॅनरला पुरेशी माहिती मिळत नाही. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेलला तर स्कॅनरचा काहीच उपयोग नाही. इनोव्हासारख्या काही टोयोटा डिझेलमध्ये मीटरवर टी-बेल्टचा दिवा असतो, त्यावरही विसंबू नका. तो फक्त किलोमीटर मोजतो, बेल्टची हालत त्याला कळत नाही.

कॉम्प्रेशन गेजवर मेकॅनिकांचा फार विश्वास, आणि तो बऱ्याच अंशी रास्त आहे. सगळे प्लग काढायचे, इंधन आणि इग्निशन तोडायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा, बॅटरी चांगली हवी. पेट्रोल इंजिन धडधाकट असेल तर साधारण १५० ते १९० पीएसआयच्या आसपास आकडा येतो. बेल्ट सरकलेला असेल तर सगळे सिलिंडर सारखेच कमी दाखवतात. एकच सिलिंडर कमी असेल तर तो दोष नुसत्या बेल्ट सरकण्याचा नाही, तिथे रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघायचं. हा फरक खरंच कामाचा आहे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या, झिजलेल्या इंजिनातही सगळे आकडे सारखेच कमी येऊ शकतात, आणि एकच दात सुटला असेल तर आकडा चालण्याजोगाही दिसतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या तपासणीत प्रत्येक सिलिंडरला सेल्फ मारावा लागतो, आणि तो तर आपण नुकताच थांबवला. पेट्रोल गाडी अजून चालत असेल, नुसता पिकअप गेला असेल, तर हरकत नाही. डिझेल उठत नसेल आणि बेल्टचा संशय असेल, तर मार्किंग बघण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करू देऊ नका. शिवाय डिझेलला जास्त दाबाचं वेगळं गेज लागतं. पेट्रोलचं गेज अडॅप्टर लावून डिझेलवर चालवत असतील तर त्या आकड्याला अर्थ नाही.

व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतं ते मोजणारं) आता फार कोणी वापरत नाही, आणि डिझेलमध्ये त्याचा उपयोगही नाही. पेट्रोल गाडीत आयडलला काटा स्थिर पण नेहमीपेक्षा बराच खाली असेल तर टायमिंग मागे पडल्याची शंका घेता येते. पुस्तकातले १७ ते २१ इंचांचे (पाऱ्याच्या मापात) आकडे मात्र समुद्रसपाटीचे आहेत. छत्रपती संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, तिथे काटा जवळपास दोन इंच कमीच दाखवणार. तेवढ्यावरून घाबरू नका.

आता मार्किंग. यात वेळ आणि मजुरी जास्त जाते, म्हणून लोक टाळतात. पण बऱ्याच गाड्यांत नुसतं बघायला वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं की पुरतं, पूर्ण बेल्ट उतरवायची गरज नसते. दहा नंबरच्या पान्याने चार-सहा बोल्ट सुटले की कॅमची चक्री समोर येते. क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने, सावकाश, ज्या दिशेला चालताना फिरतं त्याच दिशेला फिरवायचं. उलटं फिरवायचं नाही, आणि कॅमच्या बोल्टला पाना लावून तर नाहीच. पेट्रोलमध्ये प्लग काढले की हाताला हलकं जातं. मध्येच कडक ठोकर लागली तर जोर करू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. आणि क्रँक फिरतोय पण कॅम जागचा हलत नाही, असं दिसलं तर बेल्ट तुटलाय किंवा खालचे दातच गेलेत. तपासणी तिथेच संपली.

क्रँक पुलीची खूण खालच्या कव्हरवरच्या शून्यावर आणली, की कॅमच्या चक्रीची खूण हेडवरच्या खुणेसमोर यायला हवी. इथे नवखे मेकॅनिक हमखास गडबडतात. कॅमची खूण बरोबर विरुद्ध बाजूला दिसली तर बेल्ट सरकलेला नाही. क्रँकचा आणखी एक फेरा मारा, खूण वर येईल. बेल्टवर छापलेल्या पांढऱ्या रेषा खुणांशी जुळत नसतील तरी बिघडत नाही. त्या बेल्ट बसवतानाच्या सोयीसाठी असतात, एकदा इंजिन फिरलं की पुढे सरकतात. अर्ध्या दाताचा फरक वाटला तर समोरून, चक्रीच्या पातळीत मोबाइल धरून फोटो काढा. वरून तिरकं पाहिलं की खूण हललेलीच वाटते. पूर्ण एका दाताचा फरक असेल तर फोटोत शंका उरत नाही.

मार्किंगही कधी फसवते. ज्या पुलीत मध्ये रबर असतं, तिचं बाहेरचं कडं रबरावर फिरून गेलेलं असेल, तर खूण शून्यावर आणि पिस्टन भलतीकडेच. शंका आली तर पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून प्लास्टिकची लांब नळी सोडून पिस्टन खरंच वर आलाय का बघायला सांगा. डस्टर डिझेल, पोलो टीडीआय अशा इंजिनांत नुसत्या खुणांवर भागत नाही. तिथे क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना लागतात. पिना सहज आत गेल्या तर टायमिंग बरोबर, कॅमची पिन जात नसेल तर हललंय. गाडी अशी असेल तर गॅरेज निवडताना "पिन किट आहे का?" हा पहिला प्रश्न. "किट नको, व्हाईटनरने ठिपके मारून बसवतो" असं उत्तर आलं तर गाडी दुसरीकडे न्या. ठिपक्यांनी आताची जागा जशीच्या तशी पुढच्या बेल्टवर जाते. आताची जागाच चुकलेली असेल तर चूकही जाते.

मग निवडायचं काय? गाडी चालतेय, चेक लाइट लागलाय, पिकअप थोडा कमी आहे, तर आधी स्कॅनर, मग पेट्रोल असेल तर कॉम्प्रेशन. दोन्हीत संशय राहिला तर कव्हर. गाडी उठत नाही आणि डिझेल आहे, तर थेट कव्हर. घरापासून लांब, एखाद्या छोट्या गावात अडकला असाल आणि तिथल्या मेकॅनिककडे स्कॅनर नसेल, तरी काही अडत नाही. पाने आणि टॉर्च असलेला जाणता माणूस मार्किंग बघू शकतो, आणि ते जास्त विश्वासाचं.

बेल्टची मुदतच संपलेली असेल तर तुलनेत पडूच नका. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटरबरोबर वर्षंही दिलेली असतील तर दोन्ही बघा. दिवाळीलाच गावी येणारी, एरवी पत्र्याच्या शेडखाली उभी राहणारी गाडी किलोमीटर कमी दाखवते, पण रबर म्हातारं होतच असतं. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, ते त्या रबरालाही सोसावं लागतं. अशा गाडीत कव्हर उघडलंच आहे तर बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून ठेवणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही. कॅम किंवा क्रँकच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर सील आधी, कारण ऑइलने भिजलेला नवा बेल्टही फार टिकत नाही.

मार्किंग हललेली सापडली तर बेल्ट उतरवण्याआधी आहे त्या स्थितीचा फोटो घ्या आणि तो का सरकला ते शोधायला लावा: टेन्शनर ढिला, पंपाचं बेअरिंग जाम, दातांत खडा, की मागच्या वेळी चुकीचा बसवलेला. टायमिंग बरोबर लावून, हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे मारून खुणा पुन्हा जुळल्या, की मग कॉम्प्रेशन गेज लावा. या टप्प्यावर त्याचा खरा उपयोग होतो. सगळे सिलिंडर नीट आले तर व्हॉल्व्ह वाचले, गाडी चालू करा. एखाद्यात शून्य किंवा नावापुरताच आकडा आला तर तिथला व्हॉल्व्ह वाकलाय असं धरून चाला, आणि हेड खोलायचा अंदाज गाडी गॅरेजमध्ये असतानाच लेखी घ्या.