स्पायडर प्लांट: नागपुरात दोन उन्हाळे काढल्यानंतर

मागच्या वर्षी रथसप्तमीच्या आसपास आणलेलं आमचं स्पायडर प्लांट या आषाढात सतरा महिन्यांचं झालं. दोन उन्हाळे, एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा त्याने आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये काढला. मे महिन्यात जिथे हिरवं काही टिकत नाही तिथे हे टिकलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पहिल्या सात महिन्यांत ते दोनदा मरता मरता वाचलं. दोन्ही वेळा नागपूरच्या हवेला दोष देऊन मी मोकळी झाले असते, पण चूक माझ्या पाणी टाकण्यात होती.

रोप १२० रुपयांना, सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत मिळालं. पानाच्या मधोमध पांढरा पट्टा आणि कडा हिरव्या, ही व्हिट्टॅटम जात. कडा पांढऱ्या आणि मध्य हिरवा असेल तर ती व्हेरिगॅटम. नर्सरीत दोन्ही एकाच नावाने विकतात, निगाही सारखीच. झाड मूळचं आफ्रिकेचं, उष्ण कटिबंधातल्या जंगलांपासून खाली दक्षिण टोकापर्यंतचं. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. आजचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम, म्हणजे हिरवं, झुपकेदार झाड. आफ्रिकेचं म्हटल्यावर मी समजले की ऊन याला काहीच करणार नाही. ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं, हे तेव्हा लक्षातच घेतलं नाही.

आमची पुढची गॅलरी पश्चिमेची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी तीननंतरचं ऊन थेट कुंडीवर यायला लागलं आणि चार दिवसांत पानांवर कागदासारखे पांढुरके चट्टे पडले. ते चट्टे परत हिरवे होत नाहीत, पानं कापावीच लागतात. मी कुंडी हॉलमध्ये आणली, खिडकीपासून चार हातांवर. उजेड भरपूर, पण ऊन अंगावर येत नाही अशी ती जागा. तिथे पारा पंचेचाळिसाच्या वर गेला तरी पान करपलं नाही. म्हणजे नागपूरची उष्णता याला सोसते, नागपूरचं ऊन सोसत नाही. घरात एखादा कोपरा असा असेल तर बिनधास्त घ्या.

आता पाण्याचं सांगते, कारण बहुतेकांचं झाड इथेच बिघडतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर चार महिने चालतो. टाकीतलं पाणी दर चार-पाच दिवसांनी काढून मी ते झाडांना टाकायचे. शिवाय आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणीही बादलीत धरून कुंड्यांनाच जायचं. पाणी वाया जाऊ नये हाच हेतू, आणि नागपुरातल्या कितीतरी घरांत हेच करतात. मेच्या अखेरीस, ऐन नवतपात, प्रत्येक पानाचं टोक तपकिरी पडलं. आधी तांदळाएवढं, मग बोटाच्या पेराएवढं. कोरडी हवा लागली म्हणून मी पाणी वाढवलं, तर टोकं आणखी वाळली. एक दिवस कुंडी पुसताना काठावर आतल्या बाजूने पांढरी खरवड दिसली. नखाने खरवडली तर खडूसारखी भुकटी पडली. अगदी तशीच खरवड कूलरच्या जाळीवर जमते. मग उलगडा झाला. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, त्यामुळे पाचव्या दिवशीचं पाणी पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी जड असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टाकी बोअरच्या पाण्याने भरते, म्हणजे सुरुवातच जड पाण्याने. आरओचं सोडलेलं पाणीही तसंच, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच जातात. स्पायडर प्लांटला क्षार आणि फ्लोराइड दोन्ही बाधतात आणि ते पानाच्या टोकाशी साठतात, म्हणून आधी टोक जळतं.

उपाय साधा निघाला. कुंडी बाथरूममध्ये नेऊन गोड्या पाण्याने तीनदा भरभरून धुतली, दर वेळी खालून पूर्ण निथळू दिली. तेव्हापासून एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी देते. ते हवेतल्या बाष्पाचं असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळ्यात मागच्या गॅलरीत बादली ठेवते. जळलेली टोकं कात्रीने तिरकी कापली, पानाचा नैसर्गिक आकार राहील अशी. पुढची नवी पानं टोकापर्यंत हिरवी आली. कुंडीच्या काठावर पांढरं दिसलं की खत आणि पाणी दोन्ही थांबवून आधी माती धुवा, एवढं मी आता प्रत्येकाला सांगते.

दुसरं संकट पावसाळ्यात आलं. तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक होऊन गेली तरी पावसाची झड थांबत नव्हती आणि झाडाची आतली पानं बुडापासून पिवळी पडून हातात येऊ लागली. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "अगं, पाणी टाकून टाकून मारून राहिली तू त्याले. काढून पाय एकदा, आत काय हाय ते." मी कुंडी उपडी केली. वर दिसायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा होता, पण आत मुळांभोवती चिकणमातीचा विटेसारखा घट्ट गोळा, त्यावर प्लास्टिकची जाळी तशीच. नर्सरीत लांबून आलेल्या रोपांना असा गोळा असतो, वाहतुकीत रोप हलू नये म्हणून. विकताना कोणी सांगत नाही, आणि मीही विचारलं नाही. बाहेरचं कोकोपीट दोन दिवसांत सुकायचं, आतला गोळा मात्र दहा दिवस ओला. सुमारे एक तृतीयांश मुळं तपकिरी, लिबलिबीत, नाल्यासारखा वास येणारी झाली होती.

बाकीची मुळं मात्र बघण्यासारखी होती. पांढरी, जाड, बोटभर लांब, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळती, अगदी शतावरीच्या मुळ्यांसारखी. पुढे कळलं की दोघांचं कुळ एकच, अ‍ॅस्परागेसी. ज्या सफेद मुसळीची शेती होते ती तर याची सख्खी बहीण, क्लोरोफायटम बोरिव्हिलियॅनम. बोरिवलीवरून पडलेलं नाव आहे ते. कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात फोडशी नावाची रानभाजी खातात, तीही याच गोतावळ्यातली. म्हणून काही कुंडीतलं झाड शिजवायला घेऊ नका, पण त्या फुगीर मुळांचं काम तिथेच समजतं. झाड त्यांत पाणी साठवून ठेवतं. साठा असताना आपण रोज पाणी टाकलं तर ते जाणार कुठे? मुळं कुजतात.

कुजलेली मुळं कापली, चांगली मुळं जाळीतून हलक्या हाताने सोडवली आणि झाडाचे दोन भाग करून दोन कुंड्यांत लावले. मिश्रणात दोन भाग कोकोपीट, एक भाग कन्हान नदीची चाळलेली जाड रेती, एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. आपली काळी माती यात अजिबात घालू नका. कापसाला ती सोनं आहे, पण कुंडीत पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगा पडून कुंडीच्या कडा सोडते. मग वरून टाकलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं.

पाणी किती टाकायचं याला दिवसांचा नेम लावू नका. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत द्यायचं, ओलं लागलं तर हात आवरायचा. माझ्याकडे मेमध्ये हे तीन-चार दिवसांनी येतं, पावसाळ्यात आठ-दहा, डिसेंबरात बारा दिवसांनीसुद्धा. तहान लागली की पानाची चकाकी जाते आणि ते मधोमध दुमडून पन्हाळीसारखं होतं. ही खूण एकदा ओळखता आली की चुकत नाही.

हिवाळ्यात मात्र या झाडाने जो आनंद दिला तो वेगळाच. दोन भागांपैकी एक हॉलमध्ये होता, दुसरा मागच्या पूर्वेच्या गॅलरीत, जिथे सकाळचं कोवळं ऊन येतं आणि रात्री पूर्ण अंधार असतो. दिवाळीच्या सुमारास गॅलरीतल्या झाडाच्या पोटातून एक पिवळसर दांडा निघाला, हातभर लांब होऊन खाली वाकला. त्यावर सहा पाकळ्यांची, नखाहून लहान पांढरी फुलं आली, आणि फुलांच्या जागी पुढे छोटे छोटे झुपके, म्हणजे पिल्लं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत असे सहा दांडे झाले. हॉलमधल्या झाडाला एकही नाही. माती तीच, खत तेच, पाणी तेच. फरक होता ट्यूबलाइटचा, कारण आमच्या हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत दिवा असतो. या झाडाला दांडे येण्यासाठी काही आठवडे बारा तासांपेक्षा लहान दिवस मिळावे लागतात. नागपुरात सप्टेंबरच्या अखेरीपासून दिवस तेवढा लहान होऊ लागतो आणि डिसेंबरात पावणेअकरा तासांवर येतो. गॅलरीतल्या झाडाला ऋतू कळत होता. तुमच्या झाडाला पिल्लं येत नसतील तर दसऱ्यापासून त्याला रात्री अंधाऱ्या जागी ठेवून बघा.

पिल्लाच्या बुडाशी तांदळाच्या कण्यांएवढ्या गाठी दिसल्या की ते काढायला तयार झालं समजा. कपात बूड तेवढं पाण्यात राहील असं ठेवलं, आठव्या दिवशी पांढरी मुळं सुटली. मग चहाच्या कुल्हडांना खाली भोक पाडून त्यांत अकरा पिल्लं लावली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीच वाण म्हणून लुटली. दरवर्षी डबे-वाट्या लुटायचो, त्या कपाटात जातात. या वेळी बायका परत जाताना कुल्हड दोन्ही हातांनी धरून जिना उतरत होत्या. अकरापैकी नऊ अजून जगली आहेत, मी मुद्दाम विचारते. एक मेमध्ये गच्चीवर उन्हात गेलं, एक भोक नसलेल्या चिनी मातीच्या भांड्यात कुजलं.

दुसरा उन्हाळा सोपा गेला. मेमध्ये लग्नासाठी नऊ दिवस अमरावतीला होतो, घर बंद, कूलर बंद. आलो तेव्हा पानं कुंडीच्या कडेवरून सपाट लोंबली होती. मला रडू आलं. भरपूर पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्मी पानं उभी, तिसऱ्या दिवशी पूर्ण झुपका परत. त्या मुळ्यांचं मोल तेव्हा कळलं.

कीड एकदाच आली, फेब्रुवारीत, पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढले, आठवड्याने परत पुसले, संपले. खत पावसाळ्यात आणि वसंतात महिन्यातून एकदा, गांडूळखताचं पाणी. जास्त खत म्हणजे परत क्षार.

हवा शुद्ध करण्याबद्दल प्रामाणिकपणे सांगते, कारण मी नर्सरीतल्या 'हवा शुद्ध करणारं झाड' या पाटीवर भाळून ते घेतलं होतं. ही गोष्ट नासाच्या १९८९ च्या अहवालापर्यंत जाते. ते प्रयोग लहान बंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी जुने बरेच प्रयोग तपासून हिशेब मांडला. इमारतीत हवा जशी आपोआप खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. आमचा हॉल बारा बाय चौदा फुटांचा, म्हणजे कमीत कमी दीडशे कुंड्या. पैसे त्यासाठी देऊ नका, खिडकी उघडा.

मांजर असेल तर काळजी नको. आमची मनी लोंबती पानं चावते. अमेरिकेतली एएसपीसीए ही प्राण्यांची संस्था याला मांजर-कुत्र्यांसाठी बिनविषारी मानते. फार खाल्लं तर उलटी होते, म्हणून मी कुंडी टांगली.

सध्या गॅलरीतली प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगली आहे. मुळ्यांनी माती काठाच्या वर उचलली आहे आणि पाणी टाकलं की ते वरच रेंगाळतं. दोन इंच मोठी मातीची कुंडी आणून ठेवली आहे. झड दोन दिवस उघडली की झाडाचे परत दोन भाग करायचे. एक काकूंना द्यायचा आहे, त्यांनी जागाही करून ठेवली आहे, त्यांच्या स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत.