'लाइव्ह' म्हणून दाखवलेली झुंज आधीच होऊन गेली होती

व्हिएतनाममधल्या सायगॉनजवळच्या कारखान्यात मी मेन्टेनन्सला आहे. जेवणाच्या सुट्टीत इथले कामगार मोबाइलवर कोंबड्यांच्या झुंजी बघतात, त्याला 'डा गा' म्हणतात. झुंजी फिलिपिन्सच्या, नाहीतर कंबोडियातल्या थोमोच्या आखाड्यातल्या. कोंबड्याच्या पायाला पातं बांधलेलं असतं, त्यामुळे दोन-चार मिनिटांत एक जण मरून पडतो आणि लगेच पुढची जोडी. पैज लावायची ती लाल बाजूवर, म्हणजे 'मेरॉन'वर, नाहीतर निळीवर, म्हणजे 'वाला'वर. विचार करायला उसंतच मिळत नाही.

सोबतच्या एकाने पैजा घेणारा एजंट गाठून दिला. तो मला 'आन्ह' म्हणजे दादा म्हणायचा. 5 लाख डोंग लावले, म्हणजे आपले सोळाशे-सतराशे रुपये. संध्याकाळी 9 लाख बँकेत जमा! इथेच मी फसलो.

मग वाढवत गेलो. पैजांच्या ॲपवर माझ्या नावावर 7 कोटी डोंग दिसत होते, पण काढायला गेलो की नवी अट. आधी म्हणे, बोनस घेतलाय, त्याच्या वीसपट पैजा लावा. मग खातं पडताळायला पैसे, मग कर. दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यात भरायला सांगत. एवढं दिसत असूनही मी भरत राहिलो. एकूण 6 कोटी डोंग गेले, जवळजवळ दोन लाख रुपये. गावच्या घराच्या स्लॅबचे पैसे होते ते.

एका शनिवारी पांढरा कोंबडा आला, शेपटीत एक पीस मोडलेलं. मागे हिरव्या टोपीवाला रुमालाने मान पुसत होता. मंगळवारी हाच कोंबडा मेलेला पाहिला होता, आणि तेव्हाही तो माणूस नेमका तेव्हाच मान पुसत होता. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र शनिवारचं. निकाल त्यांना आधीच ठाऊक होता.

एजंट म्हणायचा, फिलिपिन्स सरकारचा परवाना आहे. तिथे ऑनलाइन झुंजींवर मे 2022 मध्येच बंदी आली, हे मी पैसे गेल्यावर वाचलं. व्हिएतनाममध्येही असा जुगार बेकायदा आहे, 50 लाख डोंगांपासून थेट फौजदारी. मी तक्रारीचं बोललो तर तो म्हणाला, "दादा, जा की पोलिसांत. आधी तुमचंच नाव लिहितील." परदेशात नोकरी करणारा माणूस इथेच गप्प बसतो, आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरावरून मेसेज आला: बुडालेले पैसे परत मिळवून देतो, दहा टक्के आगाऊ द्या. माझे किती गेले ते त्याला अचूक माहीत होतं. असा मेसेज आला तर उत्तरसुद्धा देऊ नका.