फ्रान्समधल्या खेड्यात जुनं दगडी घर आठवडाभर भाड्याने घेतलं, त्याचा अनुभव

तीन वीत आणि वर चार बोटं. पोचल्यापोचल्या सासूबाईंनी पहिलं काम हे केलं, खिडकीत हात घालून भिंत मोजली, आणि मागे वळून माझ्या मिस्टरांना म्हणाल्या, "हाई ते आपला गावनं घर शे रे भाऊ." बाहेर ऊन चांगलंच होतं आणि आत पाय ठेवला तर एरंडोलकडच्या आमच्या घरात मे महिन्यात दुपारी दारं लोटून बसल्यावर लागतो ना तसा गारवा, ना पंखा ना एसी, आणि मुलं तर बॅगा टाकून थेट फरशीवर आडवीच झाली.

तर घर फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, दोर्दोन्य जिल्ह्यात, सार्ला नावाच्या गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर. नणंद, म्हणजे ताई, आणि तिचे मिस्टर नोकरीसाठी तुलूजला असतात, त्यांच्याकडे आम्ही आखाजी (अक्षय तृतीया) झाल्यावर मेच्या शेवटी गेलो आणि मग त्यांच्याच गाडीने अडीच तासात इथे आलो. आम्ही दोघं, सासूबाई, दोन मुलं आणि ते दोघं, अशी सात माणसं. ३१ मे ते ७ जून, शनिवार ते शनिवार. तिकडे सिझनमध्ये अशी घरं बहुतेक शनिवार ते शनिवारच देतात, मधल्या वारी यायचं म्हटलं तर अवघड जातं, तेव्हा विमानाची तिकिटं काढायच्या आधी हे बघून घ्या.

अशा घराला तिथे झीत म्हणतात. खेड्यातलं जुनं घर, गोठा, धान्याचं कोठार असं काहीतरी नीट करून सुट्टीवाल्यांना भाड्याने द्यायचं, ही पद्धत तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली, खेडी ओस पडून राहिली होती, शेतकऱ्याला जोडधंदा मिळावा आणि घरंही वाचावीत म्हणून. १९५५ मध्ये त्यांचा देशभराचा संघ झाला, झीत द फ्रान्स, ते घरांना स्टार देत नाहीत, गव्हाची कणसं देतात, एक ते पाच. आम्ही मात्र घर दुसऱ्या एका बुकिंग साईटवरून घेतलं.

पैसे सांगते. आठवड्याचे ७८० युरो, वर शेवटच्या साफसफाईचे ७०, चादरी आणि टॉवेलचे वेगळे, मोठ्यांचा माणशी रोजचा थोडा टुरिस्ट टॅक्स, आणि ३०० युरो डिपॉझिट, ते परत मिळालं. शंभर रुपयाला युरो धरला तर सात माणसांचं सात रात्रींचं ऐंशी-नव्वद हजारात बसलं, म्हणजे माणशी रात्रीचे अठराशेच्या आसपास, आणि हॉटेलात आम्हाला कमीत कमी तीन खोल्या लागल्या असत्या, स्वयंपाकघर नाहीच. जुलै-ऑगस्टला हेच भाडं खूप चढतं. चादरींचं मात्र आधी वाचा, कारण तिकडे कितीतरी घरांत चादरी भाड्यात धरलेल्या नसतात, आपण समजतो असणारच.

आता मला ज्याच्याबद्दल खरं लिहायचं आहे ते. हे घर नवं करताना त्याचं जुनंपण घालवलेलं नाही. पिवळसर चुनखडीचा दगड, वर ओकच्या तुळया, अगदी वाकड्या आहेत तशाच ठेवलेल्या, त्यावर कुऱ्हाडीचे घाव दिसतात. स्वयंपाकघरात खिडकीखाली दगडाची एक सपाट शिळा आहे, तिला उतार दिलेला आणि भिंतीतून भोक पाडून पाणी बाहेर काढलेलं, म्हणजे आपली मोरीच हो, तश्शी! ती त्यांनी काढून टाकली नाही, बाजूला नवीन सिंक बसवलं आणि शिळेवर मातीच्या कुंड्या ठेवल्या. अंगणात पाव भाजायची जुनी भट्टी, तिच्यावर चपट्या दगडांचं छप्पर, त्याला लोझ म्हणतात, नुसते दगडावर दगड रचलेले, चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात वजन जातं म्हणे, म्हणून खालचं लाकूड तसं दणकट लागतं.

घरमालकीण साठीच्या पुढच्या, शेजारीच राहतात. नणंदेला फ्रेंच येतं म्हणून आम्हाला त्यांच्याशी बोलता आलं. सासूबाईंनी विचारलं, भिंतीला हे काय लावलंय, सिमेंट दिसत नाही. तर त्या बाई हाताला धरून त्यांना घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे दीड-दोन हात रुंदीचा एक पट्टा त्यांनी मुद्दाम जुना ठेवलाय. आधीच्या मालकाने सगळ्या घराला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता, पक्कं व्हावं म्हणून. झालं काय, जमिनीतली ओल दगडात चढते ती पूर्वी चुन्यातून हळूहळू उडून जायची, आता सिमेंटने तिला कोंडलं, मग ती आतल्या बाजूने यायला लागली, आणि मऊ चुनखडी आतल्या आत भुसभुशीत व्हायला लागली. बाईंनी नखाने जरा खरवडलं तर दगडाची पिठी हातावर पडली, रव्यासारखी. मग त्यांनी सगळं सिमेंट छिन्नीने काढलं, चुना आणि तिथल्याच पिवळ्या रेतीने सांधे भरले, दोन हिवाळे नुसतं वाळू दिलं आणि मगच आतलं काम केलं. सासूबाई ती पिठी बोटावर घेऊन कितीतरी वेळ चोळत होत्या. त्यांना फ्रेंच येत नाही आणि त्या बाईंना मराठी नाही, पण दोघी तिथे अर्धा तास उभ्या होत्या.

मला तेव्हा खूप लागलं मनाला, खरंच. आपल्याकडे खान्देशात गावोगाव धाब्याची घरं होती, पाच खणाचं, सात खणाचं, सागाचे खांब, तुळया, वर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्या आणि त्यावर माती, पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची. पंचेचाळीसच्या उन्हात आत बसवतं असं घर ते. आणि आपण काय करतो, सागाच्या भावाने लाकूड विकतो, भिंती पाडतो आणि स्लॅब टाकतो, मग त्या स्लॅबखाली रात्री अकराला पण तव्यावर झोपल्यासारखं होतं. आमच्या सासरच्या घराचंही तेच घाटत होतं.

गारव्याचं तिथलं तंत्र पण आपलंच आहे. प्रत्येक खिडकीला बाहेरून जाड लाकडी झडपा, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायच्या, संध्याकाळी उघडायच्या. मालकिणीने पहिल्या दिवशी हे समजावलं आणि सासूबाई म्हणे मला काय शिकवते, दुसऱ्या दिवसापासून दहाच्या ठोक्याला त्याच सगळ्या झडपा लावत फिरायच्या. तिकडे त्या दिवसांत साडेनऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे जेवणं अंगणातच, उजेडात.

जेवणाचं सविस्तर सांगते, कारण शाकाहारी असाल तर हा भाग अवघड आहे. पेरीगोर, म्हणजे या दोर्दोन्य भागाचं जुनं नाव, हा बदकाचा प्रदेश, हॉटेलात जिकडेतिकडे बदक. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, मेनूवर सार्लाचे बटाटे म्हणून असतात, लसूण घालून परतलेले, दिसायला अगदी आपल्या काचऱ्या, पण ते बदकाच्या चरबीत करतात. सासूबाई माळकरी, नणंदेने आधी विचारलं म्हणून बरं. त्यामुळे घराला स्वयंपाकघर असणं हीच आमची सगळ्यात मोठी सोय होती. आम्ही कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, बिबड्या (ज्वारीचे पापड), शेंगदाणे, काळा मसाला, डाळी नेल्या होत्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून सोबत युरोपात नेता येत नाहीत.

बुधवारी आणि शनिवारी सार्लाला बाजार भरतो, दगडी गल्ल्यांमध्ये, आणि तिथे वांगी दिसली. जांभळी, लांबट, आपल्या बामणोदच्या भरताच्या वांग्यांची सर नाही, पण ताजी. आता घरात शेगडी काचेची, विजेची, तिच्यावर वांगं कसं भाजणार? मालकिणीला विचारलं तर तिने अंगणातल्या बार्बेक्यूकडे बोट दाखवलं आणि कोठीतून द्राक्षाच्या वेलीच्या छाटलेल्या काड्यांची मोळी आणून दिली, तिकडे भाजायला हेच जळण वापरतात. आपण नाही का भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत! तशीच भुर्रकन पेटते, तसाच खमंग धूर. नऊ वांगी भाजली, लसूण, तुलूजहून आणलेली हिरवी मिरची ठेचून, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि कळण्याची भाकरी त्या काचेच्या शेगडीवर तव्यात, फुगल्या कमी पण झाल्या. मालकीणबाईंना ताट दिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी अक्रोडाच्या तेलाची बाटली आणून दिली, घरच्या झाडांच्या अक्रोडांचं, तेलघाण्यावर काढलेलं. ते तेल तळायला नाही हं, वरून कच्चंच घालायचं, आम्ही वरणावर घेतलं, मुलांना फार आवडलं.

कमी काय होतं तेही सांगते. गरम पाण्याची टाकी विजेची, रात्री स्वस्त वीज असते तेव्हाच तापते, आणि पाच जणांच्या अंघोळी झाल्या की संपते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, पहिले दोन दिवस ताई आणि मी गार पाण्याने अंघोळ केली. मग निम्म्यांनी सकाळी, निम्म्यांनी रात्री असं केलं. ओव्हन, केटल आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की मेन स्विच पडतो. वरच्या मजल्याचा जिना फारच चढा, गुडघे दुखणाऱ्याने खालच्या खोलीची आधीच खात्री करून घ्यावी, फोटोत जिना दिसतच नाही. मोबाईलला घरात रेंज नाही, भिंती तेवढ्या जाड, वायफाय होतं ते फक्त स्वयंपाकघरात. संडासाला सेप्टिक टँक, कागदाशिवाय काही टाकायचं नाही अशी पाटी, आणि पाण्याची सोय अर्थातच नाही, आम्ही घरून पाण्याचा मग्गा नेला होता. आणि साईटवर लिहिलं होतं दुकान दोन किलोमीटरवर, ते दुकान बंद पडून वर्ष झालेलं! यावर मी साईटला लिहिलं, उत्तर आलं नाही. गाडी असल्याशिवाय इथे राहता येणार नाही हे पक्कं धरा. रविवारी दुपारनंतर जवळपास सगळं बंद, सोमवारीही बरीच दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच भरा.

फिरायला बघण्यासारखं इतकं आहे की आठवडा पुरत नाही. सार्ला गाव स्वतःच बघा, १९६२ मध्ये आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना जुने मोहल्लेच्या मोहल्ले जपायचा कायदा झाला, त्याखाली पहिल्यांदा ज्या गावांचं काम झालं त्यात हे गाव, आणि तिथे आजही माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, म्युझियम नाही केलेलं.

लास्कोची गुहा, आदिमानवाने काढलेल्या चित्रांची, तिथून पंचवीस किलोमीटरवर, मोंतिन्याकला. आम्ही जळगावचे, अजिंठा घरच्यासारखा, शाळेच्या सहलीपासून कितीतरी वेळा झालेला, म्हणून मला ही बघायचीच होती. १९४० च्या सप्टेंबरमध्ये गावातल्या पोरांना सापडली, आणि मग माणसं इतकी आली की त्यांच्या श्वासाने आणि ओलाव्याने चित्रांवर शेवाळ धरायला लागलं, १९६३ मध्ये सरकारने खरी गुहा बंद केली ती आजतागायत. आता बघतो ती हुबेहूब नक्कल, २०१६ च्या शेवटी उघडलेली. नक्कल असली तरी बैलांसमोर उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो. माझा मुलगा विचारत होता, आई, अजिंठा पण असाच बंद करतील का? मला काही उत्तर देता आलं नाही.

व्हिसाचं थोडक्यात, शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, तीस हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि राहण्याचा पुरावा म्हणून या घराच्या बुकिंगचं पत्र चाललं. ताईकडच्या दिवसांसाठी तिने तिथल्या नगरपालिकेतून पाहुण्यांचं पत्र काढलं, त्याला वेळ लागतो, दोन महिने आधी सुरुवात करा.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक गरम पाण्याचा आणि दुकानाच्या खोट्या माहितीचा कापला. परत जायचं झालं तर याच घरी जाईन.

आम्ही जूनच्या मध्याला आलो, आणि शाळा सुरू व्हायच्या आत दोन दिवस गावी गेलो. सासूबाई कुलूप उघडायच्या आधीच ओट्यावर चढल्या. पुढच्या भिंतीला सासऱ्यांनी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, हौसेने, त्या वेळी गावात सगळ्यांनीच केला. खाली जिथे तडा गेलाय तिथे त्यांनी किल्लीनेच टोकरलं, सिमेंटचा तळहाताएवढा पोपडा निघाला, आणि आतली माती ओली होती, अजून पाऊस सुरू झाला नव्हता तरी. त्यांनी चुलत दिरांना तिथल्या तिथे फोन लावला आणि सांगितलं, लाकडाचा सौदा थांबव. एरंडोल, धरणगाव, पारोळा या भागात चुन्याचं आणि मातीचं काम अजून हाताने करणारा मिस्त्री कोणाच्या माहितीत असेल तर प्लीज कळवा, धाब्यावर खारी टाकायला माणूसही हवा आहे, दिवाळीनंतर काम काढायचं आहे.