अडकायचंच आहे, तर कुठे? 'रिवन', 'ब्लू प्रिन्स' की 'टॅलोस'

माझा धाकटा दीर परवा तर्री-पोह्याची प्लेट हातात धरून विचारत होता, "वहिनी, सुट्टीत एकच गेम घ्यायचा आहे. मारामारीवाला नको, डोक्याचा पाहिजे. सांगा ना बाप्पा, कोनता घेऊ?" तीन नावं त्याने आधीच काढून ठेवली होती: 'रिवन', 'ब्लू प्रिन्स' आणि 'द टॅलोस प्रिन्सिपल'. तिन्हींचं वर्णन वाचलं तर एकसारखंच वाटतं. आपल्याच डोळ्यांनी बघत एका अनोळखी जागेत हिंडायचं, कोडी सोडवायची, गोष्ट उलगडत न्यायची. पण पाटोडीचा रस्सा आणि सावजी रस्सा, दोन्ही रस्सेच की! म्हणून कोणी एकाऐवजी दुसरं वाढत नाही.

मी हे तिन्ही खेळले आहेत. कोणता चांगला, हा प्रश्न मला पडत नाही, कारण तिन्ही चांगले आहेत. पण या जातीच्या गेममध्ये निम्मा वेळ आपण अडकलेलेच असतो. म्हणून त्याला उलट विचारलं, "तुला कसं अडकायला आवडतं?" त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

रिवन: जिथे कोडं कोडं दिसतच नाही

मूळ 'रिवन' ऑक्टोबर १९९७ मध्ये आला, पाच सीडींवर. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेलं की सीडी बदलायची. बनवणारी कंपनी सायन, अमेरिकेतल्या स्पोकेन शहराजवळची, रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी उभी केलेली. त्यांचा आधीचा 'मिस्ट' १९९३ चा. २००२ मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत कॉम्प्युटरवर सर्वाधिक खपलेला गेम तोच होता. जुन्या 'रिवन'मध्ये स्थिर चित्रं होती, क्लिक केलं की पुढचं चित्र. २५ जून २०२४ ला आलेल्या नव्या आवृत्तीत सगळी बेटं त्रिमितीत नव्याने उभी केली आहेत आणि त्यांत मोकळं फिरता येतं. काही कोडीही बदलली आहेत, त्यामुळे १९९७ ची उत्तरं पाठ असलेल्यांचीही थोडी फजिती होते. बरं झालं!

दीराने ज्याला 'डोक्याचा' म्हटलं तो खरा हाच. इथे 'हे घ्या कोडं' असं कोणी सांगत नाही. एक लाकडी यंत्र, एक रिकामी शाळा, भिंतीवरचं एक चित्र, आणि बघणारे तुम्ही. या जगात आकडे पंचवीसच्या पायावर मोजतात, म्हणजे आपण नवानंतर नवं घर सुरू करतो तसं हे लोक चोविसानंतर करतात. मूळ खेळात हे आकडे शिकायला एकच साधन होतं, शाळेतलं मुलांचं खेळणं. एक चिन्ह उमटायचं आणि दोरीला टांगलेली बाहुली तितके खटके खाली, एका समुद्री जनावराच्या जबड्याकडे सरकायची. त्या गावातली पोरं असंच मोजायला शिकली असणार, हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. आमच्या आजोबांना पावकी-निमकी तोंडपाठ होती. ते असते तर त्यांनी हे पंचवीसचं गणित माझ्याआधी सोडवलं असतं.

इथलं अडकणं असं, की चूक समोर नसतेच. ती दोन बेटं मागे, तुम्ही न पाहिलेल्या एखाद्या कोपऱ्यात पडलेली असते. मी एकदा सलग तीन संध्याकाळी फक्त चालत होते. फुटाळा तलावाला चक्कर मारावी तसं, काही न होता. चौथ्या दिवशी भाजी चिरताना एकदम उत्तर सुचलं. हा आनंद दुसऱ्या कोणत्या गेमने मला दिला नाही. पण त्या तीन संध्याकाळी सगळ्यांना परवडत नाहीत, हेही खरं.

ब्लू प्रिन्स: घर रोज नवं

नाव भरभर म्हणून पाहा, 'ब्लूप्रिंट्स' ऐकू येईल. तीच गंमत आहे. १० एप्रिल २०२५ ला, म्हणजे आमच्याकडे कूलरच्या ताट्या बदलायच्या दिवसांत हा आला. टोंडा रॉस याने आठ वर्षं खपून तो उभा केला. गोष्ट अशी: सायमन नावाच्या मुलाला नात्यातल्या एका आजोबांनी वाडा ठेवलाय, पण अट घालून. वाड्यात पंचेचाळीस खोल्या आहेत, त्याने सेहेचाळिसावी शोधायची.

आणि वाडा रोज मोडतो. पाच रुंद, नऊ लांब अशा चौकटींचा नकाशा असतो. प्रत्येक दाराशी तीन खोल्यांचे पर्याय येतात, त्यांतली एक निवडून मांडायची. रोज पन्नास पावलं मिळतात, खोलीत शिरलं की एक खर्च. पावलं संपली की दिवस संपला. उद्या वाडा पुन्हा कोरा, राहतं ते मुख्यतः तुमच्या डोक्यातलं आणि वहीतलं. पत्ते पिसण्यासारखंच आहे हे. हात चांगला येतो किंवा येत नाही.

आतल्या कोड्यांची चव कळावी म्हणून दिवाणखान्याचं उदाहरण घेऊ. तीन पेट्या, एकीत रत्नं. नियम एवढाच, की निदान एक पेटी खरं बोलते आणि निदान एक खोटं. त्या धर्तीवर मी एक रचलं आहे. निळी पेटी म्हणते, "रत्नं माझ्यात आहेत." पांढरी म्हणते, "काळीत नाहीत." काळी म्हणते, "माझ्यात नाहीत." रत्नं निळीत असतील तर तिन्ही खरं बोलतात, म्हणजे नियम मोडला. काळीत असतील तर तिन्ही खोटं, पुन्हा मोडला. राहिली पांढरी. पहिल्या काही दिवशी कोडी अशी सोपी असतात, नंतर पेट्या वकिलासारख्या बोलायला लागतात.

पण हे सगळं इंग्रजीत, आणि साधंसुधं इंग्रजी नाही. पत्रं, नोंदी, शब्दांवरच्या कोट्या. एका शब्दाचे दोन अर्थ माहीत नसतील तर तिथे बुद्धी काही कामाची नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, वाचन बरं आहे, तरी दोन ठिकाणी शब्दकोश उघडावा लागला. दीर तर मेसेजही नीट वाचत नाही.

इथलं अडकणं निराळं. उत्तर तुम्हाला माहीत असतं, पण लागणारी खोलीच आज येत नाही. कोणाला यात सट्ट्याची मजा वाटते, कोणाचं डोकं फिरतं. मला पहिले वीस-पंचवीस दिवस मजा वाटली. सेहेचाळिसावी खोली सापडल्यावर खरा खेळ सुरू होतो असं म्हणतात आणि ते बरोबर आहे, पण तिथून पुढे नशिबाने मला फारच वाट पाहायला लावली. वही मात्र दोनशेपानी घ्या. शंभरपानी पुरत नाही.

टॅलोस: सगळं समोर आहे

क्रोएशियातल्या झाग्रेबची क्रोटीम ही कंपनी धडाधड गोळ्या झाडायच्या 'सीरियस सॅम'साठी ओळखली जायची. त्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये असा शांत, देवळातल्यासारखा गेम काढावा, हे आजही मला नवल वाटतं. तुम्ही एक यंत्रमानव आहात, भग्न देवळांमध्ये जागे होता. आकाशातून एक आवाज सांगतो, सगळीकडे जा, फक्त त्या मनोऱ्यावर जाऊ नको. सांगायला नको, नजर तिकडेच जाते.

कोडी मात्र चार भिंतींत बांधलेली. आत जाल तेव्हा लागणाऱ्या सगळ्या वस्तू तिथेच असतात: दार उघडं धरणारं यंत्र, प्रकाशाचा किरण वळवणारा काचेचा खांब, पेटी, पंखा, आणि पुढे तुमच्याच हालचाली टिपून तुमच्याच सोबतीला देणारं एक यंत्र. ते पहिल्यांदा वापराल तेव्हा स्वतःला शिव्या घालाल. सुटलं की टेट्रिससारखा एक तुकडा मिळतो, ते तुकडे बसवले की दरवाजे उघडतात. मधूनमधून जुने कॉम्प्युटर भेटतात, जाणीव म्हणजे काय, माणूस कोणाला म्हणायचं, असल्या मजकुराने भरलेले. वाचलं तर खेळ खोल होतो, न वाचताही कोडी सुटतात. दीरासाठी हा मोठाच सोयीचा भाग.

इथे अडकलं तरी मनाला त्रास नाही. काही हरवलेलं नाही, नशीब आड आलेलं नाही, उत्तर याच अंगणात आहे. एक जमेना तर शेजारचं सोडवा, उद्या परत या. 'ब्लू प्रिन्स' आला त्याच १० एप्रिल २०२५ ला याची नवी आवृत्ती 'रिअवेकन्ड' निघाली. त्यात चित्रं नव्याने केली आहेत, पूर्वीचं जोडप्रकरण 'रोड टू गेहेना' आहे आणि एक नवं प्रकरणही आहे. तुमचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, नवं असेल तर ती घ्या. जुनं असेल तर २०१४ ची घ्या, कोड्यांची चव तीच आहे आणि सेलमध्ये ती बऱ्याचदा स्वस्त होते.

घरातल्या गोष्टी, ज्या परीक्षणात येत नाहीत

लाईन जाण्याचा प्रश्न आधी. 'ब्लू प्रिन्स' निघाला तेव्हा त्यात खेळातल्या दिवसाच्या मध्येच सेव्ह करायची सोय नव्हती, दिवस संपवला तरच जमा. मे महिन्यात दुपारी आमच्या वस्तीत लाईन गेली आणि चाळीसेक खोल्या मांडलेला माझा वाडा पडद्यासोबत काळा झाला. लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, चूक माझीही होती. डेस्कटॉपवर खेळणार असाल तर यूपीएस असू द्या. 'टॅलोस'मध्ये फार तर चालू कोडं पुन्हा मांडावं लागतं.

दुसरी गोष्ट कूलरची. नागपुरात पंचेचाळीस अंशांत कूलर बंद करून कोणी गेम खेळणार नाही, आणि डेझर्ट कूलरच्या घरघरीत बारीक आवाज ऐकू येत नाहीत. 'रिवन'च्या मूळ खेळात जनावरांच्या आवाजांना अर्थ होता. त्या जगात कान उघडे ठेवावेच लागतात, म्हणून कान झाकणारा हेडफोन घ्या. बाकी दोन्ही कूलरसोबत चालतात. जाता जाता सांगते, याच जातीचा 'द विटनेस' आहे, जानेवारी २०१६ चा, जोनाथन ब्लो याचा. एक बेट आणि पाचशेहून अधिक रेषेची कोडी, तीही एका शब्दाची सूचना न देता. इंग्रजीची अडचण असणाऱ्यांना मी आधी तोच सुचवते. पण त्यात एका जंगलात पक्ष्यांच्या आवाजाचे चढउतार ऐकून रेषा काढायची असते. तिथे कूलर बंदच करावा लागतो, आणि दहा मिनिटांत माणूस घामाने निथळतो. रंग ओळखायला त्रास होणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जपून जावं, काही कोडी निव्वळ रंगांवर आहेत.

तिसरी, मळमळ. चिखलदऱ्याच्या घाटात ज्यांना बस लागते, त्यांना डोळ्यांतून बघायचे गेमही लागू शकतात. यात 'टॅलोस' सर्वांत समजूतदार. हे त्रास कमी करायला त्यात वेगळ्या सेटिंग आहेत, शिवाय कॅमेरा मागे नेऊन आपला यंत्रमानव पाठीमागून बघत खेळता येतो. माझ्या एका नणंदेला 'रिवन'च्या पायऱ्यांवर पाऊण तासात गरगरलं, 'टॅलोस' तिने पूर्ण केला.

मशीनचं थोडक्यात: नवा 'रिवन' आणि 'रिअवेकन्ड' यांना बरं ग्राफिक्स कार्ड हवं. 'ब्लू प्रिन्स'ची शैली हाताने रंगवल्यासारखी आहे, तो तुलनेने हलका. घरात कॉलेजच्या प्रोजेक्टपुरता लॅपटॉप असेल तर २०१४ चा 'टॅलोस', नाहीतर सरळ २०११ चा, कोड्यांचाच, 'पोर्टल २'. त्यात दोघांनी मिळून खेळायची वेगळी मोहीमही आहे, भाऊ-बहिणीत भांडणं लावायला उत्तम.

आता पैशांचं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. पण हे दोन तास तिन्ही गेमना सारखे लागू पडत नाहीत. 'टॅलोस' दोन तासांत आपलं खरं रूप दाखवतो, आवडला नाही तर पुढेही आवडणार नाही. 'ब्लू प्रिन्स'मध्ये तेवढ्यात दोन-तीन दिवस होतात, सवय लागणार की नाही हे कळतं. 'रिवन'मध्ये दोन तासांत तुम्ही फक्त बघत असता, तेव्हा काहीच ठरवता येत नाही. तो घ्यायचा तर परत करायचा नाही असं ठरवूनच घ्या.

दीराला मी 'टॅलोस' सांगितला. त्याला धीर कमी आहे, वाचन कमी आहे, आणि हरलेलं पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितलं की तो माउस आपटतो. 'रिवन' त्याच्या दुसऱ्या ताईला सांगितला, तिला सहा महिने एक स्वेटर विणताना मी पाहिलंय. तो पोहे संपवून म्हणाला, "हाव न वहिनी, पण माझे सगळे मित्र तर 'ब्लू प्रिन्स'च खेळून राहिले." मग घे बाप्पा. पण आधी बॅटरी बदलून घे.